चांगला पाय आधी

“आजोबा, ऑपरेशन कोणत्या पायाचं झालंय तुमचं?” तपासणाऱ्या मुलीने विचारलं, आणि मी मांडीवरची पिशवी उगाचच घट्ट धरली. हे तिच्या सरावाच्या लाकडी पायऱ्यांवर उभे होते. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं, धरायला कडेला दांडी. त्या दांडीला यांचं नुसतं बोट लागलेलं, तेही तिच्या समाधानासाठी. चढताना चांगला पाय आधी, मग दुखरा. उतरताना दुखरा आधी, मग चांगला. मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवर. “व्हायचंय,” हे म्हणाले, हजेरीला ‘हजर’ म्हणावं तसे. मुलगी हसली. तिला वाटलं आजोबा गमतीदार आहेत. मग तिने पुन्हा गुडघा दाबून पाहिला, वण शोधला, आणि तिचं हसू हळूहळू ओसरलं. “अय्या, खरंच झालेलं नाही? परत एकदा चढा बघू.” तर यांनी आणखी झोकात चढून दाखवलं. अहो, नका हो इतकं चांगलं करू, असं ओठांपर्यंत आलं. पण माझा आवाज मुळातच बारीक, आणि परक्या खोलीत तर तो मलाही ऐकू येत नाही. “मांडी तर माझ्यापेक्षा मजबूत आहे,” मुलगी म्हणाली. “आजी, काय खाऊ घालता?” आणि मग यांच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी पोटच्या नातीने सांगावं तशा मायेने तिने सांगितलं की सध्या थांबू या. उभंच राहता येत नाही अशी माणसं रांगेत आहेत. पुढच्या वर्षी पुन्हा या. रागवायला तिने जागाच ठेवली नाही.

बसमध्ये हे खिडकीशी बसले, पाय सरळ करून, पहिल्या नंबराने पास झालेल्या पोरासारखे. “बघितलंस? वण शोधत होती,” म्हणाले. मी म्हटलं, “अहो, ही परीक्षा नापास व्हायची होती.” जरा वेळाने पाहिलं तर दुखऱ्या गुडघ्यावर तळहात ठेवून गोल गोल फिरवत होते, कुणाला कळू नये असं, वर रुमाल टाकून. जन्मभर शाळेत ड्रिल मास्तर होते. मुलांनी वाकून उभं राहिलेलं यांना कधी खपलं नाही, मग स्वतः कोणासमोर वाकडे उभे राहतील? लग्नाच्या आधी मला बघायला आले तेव्हाही खुर्चीत असे बसले होते की माझी आत्या स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली, “मुलगा चांगला आहे, पण पाठीत काठी घातलीय का ते विचारून घ्या.” ती काठी आता गुडघ्यापर्यंत उतरली आहे आणि तिथे ती रोज थोडी थोडी मोडते. सकाळी नाही. सकाळी हे मास्तर असतात. दिवेलागणीला पलंगाच्या कडेला बसून दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून वर ठेवतात, झोपलेलं मूल उचलावं तसा, ते मी बघते. आणि मी बघत नाही असं त्यांना वाटावं म्हणून पडदा सारखा करत राहते.

या इस्पितळाचा पूर्वी एकच दरवाजा होता. आत शिरलं की फिनेलचा वास, डावीकडे लाकडी बाक, आणि बाकावर सगळे सारखे. हाडांचे डॉक्टर आमच्याच मागच्या गल्लीत राहायचे, सायकलवरून जाताना ओरडून विचारायचे, “मास्तर, मनगट कसंय?” आता पुढचा दरवाजा काचेचा झाला आहे. माणूस जवळ आलं की तो आपणहून सरकतो. त्यातून समुद्रापलीकडचे पाहुणे आत जातात, चाकाच्या बॅगा घेऊन, विमानतळावर जावं तसे, आणि नवे गुडघे, नवे खुबे, नवे डोळे घेऊन बाहेर येतात. आमचा दरवाजा मागे, धुलाईच्या खोलीला लागून. तिथे वाफेचा, उकळलेल्या चादरींचा वास असतो, आणि खरं सांगायचं तर तो मला आवडतो. डॉक्टर अजून ओळखतात, पण काचेच्या आतून हात करतात. त्यांच्या सगळ्या सकाळी पुढच्या बाजूला गेल्या. मागच्या बाजूला उरली एखादी दुपार, आणि दुपारपर्यंत माणूस दमलेला असतो, त्याची तरी काय चूक. ज्या नर्सबाईंनी आमच्या लेकीला सुई टोचताना गाणं म्हटलं होतं, त्याही पुढच्या बाजूला गेल्या. आता परक्या भाषेत गाणं म्हणत असतील. हे सगळं मनात येतं आणि मग जीभ चावावी लागते. कारण त्या काचेच्या दरवाजाशी, पाहुण्यांची विचारपूस करायच्या टेबलामागे, आमचीच लेक बसते. गळकं छप्पर त्याच टेबलामुळे नीट झालं. आणि ऑपरेशन झालेले पाहुणे बरे होईपर्यंत जवळपासच्या ज्या घरांतून राहतात, त्यांत आमचं घर आहे. ज्या ताटात जेवायचं त्यालाच भोक पाडायचं कसं?

पाहुण्यांना पायऱ्या चालत नाहीत, म्हणून खालची पुढची खोली त्यांची झाली, आणि आम्ही दोघं वरच्या खोलीत गेलो. वर जायचा जिना अरुंद आहे, मध्ये वळतो. “व्यायाम होतो,” हे म्हणाले होते, आणि मी ते ऐकून घेतलं होतं, कारण खोली देण्याचं आधी मीच बोलले होते. पहिले पाहुणे आले ते एक म्हातारे खलाशी. त्यांना शिकवून ठेवलेले व्यायाम ते करायचेच नाहीत, खिडकीशी बसून उसासे टाकायचे. दोन दिवस यांनी बघितलं. तिसऱ्या दिवशी समोर दुसरी खुर्ची ओढली, बसले, आणि म्हणाले, “चला. एक!” खलाशाला भाषा येत नव्हती, पण मास्तरांचा ‘एक’ कोणत्याही भाषेत कळतो. तेव्हापासून जो पाहुणा येईल त्याच्याबरोबर रोज सकाळी हे बसतात. टाच सरकवायची, मांडी आवळून धरायची, पाय हवेत सरळ करायचा. त्याने जेवढं केलं तेवढं हेही करतात; मुलांकडून करून घ्यायचं ते आधी आपण करून दाखवायचं, ही यांची जुनी खोड. मग उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर चढउतार. “चांगला आधी! शाबास. आता दुखरा. विश्राम!” बदललेल्या गुडघ्याने कसं चालायचं हे माझ्या नवऱ्याला तोंडपाठ झालं, फक्त तो गुडघा तेवढा आला नाही. हे मला त्या मुलीने वण शोधेपर्यंत दिसलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

दिव्यावरून आठवलं, माझा एक नेम आहे. लेक लहान असताना त्याच जुन्या इस्पितळात बाकाच्या पलीकडच्या खोलीत तापाने निपचित पडली होती. मी बाहेर उभी राहून म्हटलं होतं, एवढी परत दे, या घरासाठी पुन्हा काही मागणार नाही. ती परत मिळाली. तेव्हापासून पहाटे आंघोळ करून दिवा लावते आणि दुसऱ्यांसाठी मागते. शेजारणीचा दमा, बसमध्ये रडणारी बाई, खालच्या खोलीतला पाहुणा. देवाला नावं लागत नाहीत, खोली सांगितली तरी पुरतं. यांचा गुडघा दुखायला लागला तेव्हा पहिल्यांदा तो नेम अंगाला टोचला, नव्या कापडात टाचणी राहून जावी तसा. पण शब्द दिला तो दिला. मी यादी म्हणत यांच्यापर्यंत येते आणि तिथे थांबून दिवा सारखा करते.

त्या सुमाराला आमच्याकडे फुलवाली होती. म्हणजे तिच्या देशात तिची फुलांची वाडी आहे, म्हणून घरात आम्ही तिला फुलवाली म्हणायचो. माझ्याच वयाची, एकटी, हाताच्या रेषांत अजून माती असलेली. तिच्या देशात गुडघ्यासाठी इतकी वाट बघावी लागते की तोवर तिची वाडी सुकून गेली असती, म्हणून ती इकडे आली. लेकीने हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, म्हणजे तिथली रांग उठून इथे येऊन उभी राहिली, आमच्या पुढे. आणि पुढे उभी राहिलेली बाई तर ही अशी: माझा दोरीवर वाळत घातलेला कपडा पडला तर काठीने उचलून परत ठेवणारी, खिडकीतल्या मेलेल्या रोपाला पालवी फोडणारी. हिच्यावर चिडणार कसं? चिडायचं ठरवून एकदा चहा जरा फिका दिला. तिने ‘शाबास’ म्हणून तो पिऊन टाकला. तिला आमचे मोजके शब्द यायचे, सगळे यांनी शिकवलेले: एक, दोन, नाही, शाबास, विश्राम, चांगला आधी, आणि मास्तर.

लेक संध्याकाळी आली आणि तपासणीत काय झालं ते ऐकून तिने कपाळावर हात मारला. “बाबा, तिथे कवायत कशाला करून दाखवलीत?”

“पायऱ्या चढा म्हणाली. चढलो.”

“मी डॉक्टरांशी बोलू का? रोज दिसतात. एक शब्द टाकला तर...”

“रांग मोडणाऱ्या पोरांना मी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्यात,” हे म्हणाले. “आता या वयात मला फेऱ्या झेपायच्या नाहीत.”

“बरं, रांग नका मोडू. पण रांगेत तरी राहाल की नाही? निकाल पटला नाही तर पुन्हा दाखवता येतं, सगळ्यांनाच येतं. फक्त या वेळी जरा लंगडून दाखवा.”

“खोटं?”

“खोटं कसलं? दिवेलागणीला लंगडता तसंच, सकाळी लंगडायचं.”

त्यावर मी आतून हसले. मग यांची तालीम सुरू झाली. पुढच्या खोलीतून दारापर्यंत हे लंगडत गेले आणि लेक किंचाळली, “बाबा, तो चांगला पाय आहे!” पुन्हा गेले. या वेळी पाय बरोबर होता, पण पाठ ताठ, हात शिस्तीत हलणारे; पायात खडा गेलेला शिपाई संचलनात चालावा तसे. लेक पोट धरून हसत होती, हेही हसायला लागले, आणि तेवढ्यात फुलवाली तिच्या खुर्चीतून उठली. चेहरा घाबराघुबरा. काठी टेकत यांच्यासमोर आली, यांच्या दुखऱ्या गुडघ्याकडे बोट दाखवून जोरजोराने मान हलवली आणि यांच्याच आवाजात दरडावली, “नाही! मास्तर, चांगला आधी!” यांची ताठ मान पहिल्यांदा खाली गेली. लेकीने तिला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिने लेकीला दोनदा विचारलं, मग यांच्या पायाकडे बघितलं, मग वळणाच्या जिन्याकडे. “काय म्हणतेय?” मी विचारलं. लेकीचंही हसू गेलं होतं. “आई, तिला वाटत होतं बाबांचं कधीच झालंय. तिच्या आधी. त्याच डॉक्टरांकडे.”

त्यानंतर ती न जेवता खोलीत गेली. मी ताट झाकून ठेवलं. वर येताना हे जिन्याच्या वळणावर थांबले, भिंतीला हात लावून, आणि मी खालच्या पायरीवर थांबले, काहीतरी विसरल्यासारखी. असे आम्ही रोजच थांबतो. पण त्या दिवशी वाटलं, खालच्या खोलीतून कोणीतरी यांच्या पावलांचे आवाज ऐकत आहे.

दुसऱ्या तपासणीलाही मी बरोबर गेले. पिशवीत पाण्याची बाटली होती आणि पुढच्या खोलीची किल्ली. फुलवालीला त्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं होतं, जाताना ती किल्ली माझ्या हातात ठेवून गेली होती. पाहुण्यांनी हरवू नये म्हणून त्या किल्लीला यांनी लाकडाचा चांगला जाडजूड ठोकळा बांधलाय. धुलाईच्या वाफेच्या वासात आम्ही बसलो. बाकावर एक रिक्षावाला होता, खुब्याला उशी लावून तिरका बसलेला. एक बाई होती, तिला तिच्या सुनेने धरून आणलं होतं. कोणी कोणाशी भांडत नव्हतं. भांडायचं कोणाशी? भिंतीपलीकडे काचेचा दरवाजा सरकल्याचा आवाज येत होता, मऊ, श्वास सोडावा तसा. मनात आलं, या रिक्षावाल्याला आधी मिळावं. लगेच दुसरं मन म्हणालं, आणि हे? मी त्या दुसऱ्या मनाला गप्प केलं, पण ते कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत राहिलं.

तीच मुलगी होती. “या आजोबा, चढा,” म्हणाली. मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. आणि मला तिथेच कळलं की हे लंगडणार नाहीत. यांना येतच नाही ते. लाकडी पायरीसमोर उभे राहिले, छाती पुढे आली, खांदे मागे गेले. चांगला आधी. मग दुखरा. वर जाऊन अगदी सुबक वळले. मुलीने ओठ मुडपले. तिलाही वाईट वाटत असावं, पण तिचं काम तिला बघायला लावतं तेच ती बघणार. सांगावं हिला, बाई गं, या माणसाला पायऱ्या सांगू नकोस, पायऱ्या त्याने गिरवल्यात. याला विचार रुमालाखाली काय करतोस. पण ते मागणंच झालं असतं. देवाकडे नाही, माणसाकडे, तरी घरासाठीच. मी पिशवीत हात घातला. बाटली हवी होती की काय, आता आठवत नाही. किल्ली हाताला लागली, ठोकळ्यासकट वर आली, आणि फरशीवर पडली.

माझ्या हातून काही पडलं की ते यांनी उचलायचं, हा आमच्या घरात लग्नापासूनचा रिवाज आहे. सुई पडो, चमचा पडो, मी खाली वाकायच्या आधी हे वाकलेले असतात. हल्ली मी घरात काही पडूच देत नाही, सगळं दोन हातांनी धरते. हे पायऱ्यांवरून उतरले, दुखरा आधी, आणि सवयीने खाली गेले. गुडघ्यावर. पाहुण्यांना ऑपरेशननंतर खाली बसायची मनाई असते, त्यामुळे ते काही त्यांच्या व्यायामात नाही, आणि म्हणून यांनाही ते कोणी शिकवलेलं नाही. काहीतरी वाजलं, किल्ली नव्हे. यांनी किल्ली उचलली, माझ्यापुढे धरली, आणि तिथेच राहिले. वर यायचं होतं, पण येत नव्हतं. एक हात फरशीवर, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर मला लाजल्यासारखं हसू, जे मी एवढ्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. मी उठले नाही. ती मुलगी मात्र येऊन यांच्या शेजारी फरशीवर खाली बसली, मांडीला मांडी लावून, जणू दोघं खेळायलाच बसलीत.

“आजोबा,” ती हळूच म्हणाली, “हे मला आधी का नाही दाखवलंत?”

“तुम्ही पायऱ्या सांगितल्या होत्या,” हे म्हणाले.

तिने आणि रिक्षावाल्याने मिळून यांना उठवलं. रिक्षावाल्याचा स्वतःचा खुबा धड नव्हता, तरी आला. “मास्तर, माझ्या भावाला तुम्ही उन्हात उभं केलं होतं,” म्हणाला. हे कण्हत म्हणाले, “मग सुधारला का?” “कुठला सुधारतोय!” मुलीने गुडघा आता वेगळ्या हातांनी चाचपला. पुन्हा रांगेत घेते म्हणाली. मग मला बाजूला बोलावून म्हणाली, “आजी, खोटी आशा नाही लावत. रांग मोठी आहे. डॉक्टरांच्या सगळ्या सकाळी पुढच्या बाजूला जातात, पाहुण्यांना.” मी म्हटलं, “माहीत आहे बाळ. पाहुणी आमच्याच घरी आहे.” तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिला हसावं की रडावं ते कळलं नाही. मलाही नाही. मी तिच्या गालावरून हात फिरवला.

घरी आलो तर जिन्याशी आमच्या दोन उशा, यांची पाण्याची सुरई आणि माझी पोथ्यांची पिशवी ओळीने मांडून ठेवलेली. वरची आमची खोली खाली आली होती. पुढची खोली लेकीने दुसऱ्या किल्लीने उघडली होती, आणि तिथे फुलवालीची चाकाची बॅग दिसत नव्हती. लेक घामाघूम होऊन वळणावर उभी होती. “मी काही केलं नाही हं,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी आज तिला जिना चढायला परवानगी दिली. म्हणते, मला सराव हवाय. ऐकतच नाही.” वरून काठीचा आवाज आला. फुलवाली जिन्याच्या माथ्यावर आली, दांडीला धरून, आणि एक एक पायरी उतरली, दुखरा आधी, अगदी बिनचूक. खाली येऊन यांच्यासमोर उभी राहिली. पुढच्या खोलीतल्या पलंगाकडे तिने काठी रोखली. “मास्तर,” म्हणाली, “विश्राम.” हे काहीतरी बोलणार होते. पाहुण्याने वर आणि घरच्याने खाली, हे शोभतं का, असं काहीतरी. पण हुकूम मोडायची यांना सवय नाही. मुकाट्याने गेले आणि पलंगावर बसले. दिवेलागण झाली होती. दोन्ही हातांनी पाय उचलून वर ठेवला, आणि या वेळी पडदा सारखा करायला मी गेले नाही. जाऊन शेजारी बसले.

“किल्ली मुद्दाम टाकलीस ना?” हे म्हणाले.

“देवाला विचारा.”

“त्याला कशाला विचारू? मी पायरीवर होतो, मला ऐकू आलं. पडलेल्या वस्तूचा आवाज वेगळा, टाकलेल्या वस्तूचा वेगळा. वर्गात पाठमोरा असतानासुद्धा खडू कोणी टाकला ते मला कळायचं.”

“मग शिक्षा करा.”

“करतो,” म्हणाले, आणि माझा हात घेऊन आपल्या गुडघ्यावर ठेवला. गुडघा गरम होता, सुजलेला, आतून ठोके पडत होते. रुमाल नव्हता.

पहाटे दिवा खालीच लावला. किती तरी वर्षांनी त्या खोलीत, आमच्या जुन्याच कोनाड्यात. वर काठी वाजत होती. फुलवाली उठली होती. मी शेजारणीचा दमा म्हटला, रिक्षावाल्याचा खुबा म्हटला, बाकावरची बाई, तिची सून, वाफेच्या वासातली ती मुलगी, जिला दिवसभर माणसांना नाही म्हणावं लागतं. वरच्या खोलीतला गुडघा म्हटला, चांगला बसू दे, तिची वाडी हिरवी राहू दे. मग ती जागा आली, जिथे मी रोज दिवा सारखा करते. दिवा सारखाच होता. मी काही मागितलं नाही. आदल्या दिवशी माझ्या हाताने जे केलं ते नेमात बसतं का, हेही विचारलं नाही. नुसती हात जोडून तिथेच उभी राहिले, कोणाच्या दाराशी उभं राहावं तशी, न खाकरता, आतल्याला कधीतरी दिसेल म्हणून. जाग होती ती फक्त वरच्या काठीची. आणि मग पाठीमागून, पलंगावरून, झोपेने जड झालेला आवाज आला, “अगं, किती वेळ उभी राहशील? पाय दुखतील तुझे.”